आगीतून निघालेल्या लोखंडाचं पाणी कसं जोखायचं

माझे आबा लोहार. पन्हाळ्याच्या पायथ्याला गावात आमचा भाता होता. दसरा सरला की अंगणात ऊसतोडीच्या कोयत्यांचा ढीग पडायचा. आबा कोयता लाल करायचे, ऐरणीवर ठोकायचे, पाण्यात बुडवायचे आणि मग परत हलकी आच दाखवून धारेवर पिवळसर झाक आली की थांबायचे. याला ते ‘पाणी देणं’ म्हणत. एका वर्षी शेजारच्या फडात पाचट पेटवलं आणि एक कोयता त्यात राहून गेला. बांधावर मोडक्या बैलगाडीचं चाक पडलं होतं, तेही जळालं. दुसऱ्या दिवशी कोयता दिसायला होता तसाच होता, नुसता काळा पडलेला. पण पहिल्याच घावाला धार वळली. आबा म्हणाले, “ह्याचं पाणी उतरलं.” चाकाची धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, मात्र त्यांनी उचलली, धुतली आणि दुसऱ्या चाकावर चढवली. धाव तर चढवतानाच लाल करावी लागते. तिला आगीचं काय!

एकाच आगीतली ही दोन लोखंडं. आज मी शेडचं काम करतो, तीस वर्षं होत आली. शिवाजी उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे; शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पंचतारांकित या एमआयडीसींत सगळीकडं माझी शेड उभी आहेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना अख्ख्या कोल्हापूरनं बघितलं. तेव्हापासून कुठं आग लागली की मालक लवकर फोन करतात, हे चांगलं झालंय. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो, “मिस्त्री, सरळ दिसतंय की! राहू दे का?”

सरळ आहे की वाकलंय हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की हे लोखंड घडलं कसं?

हे मला शिकायला एका पोराचा पाय मोडावा लागला. बारा वर्षांपूर्वी शिरोलीकडच्या एका गोदामाला आग लागली. अर्धं छप्पर खाली आलं, अर्ध्या भागातले पत्रे गेले पण झेड पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या झेड आकाराच्या आडव्या पट्ट्या, जागेवर राहिल्या. मी सरळपणा बघायला लाइनदोरी लावली. सहा मीटरला चार-पाच मिलिमीटरचा फरक. मी मालकाला सांगितलं, रंग मारू आणि वापरू. पत्रे चढवताना तीन पोरं एका पर्लिनवर आली, बरोबर पत्र्यांचा गठ्ठा. पर्लिनचा ओठ (काठाची दुमड) दुमडला आणि ती कागदासारखी आडवी पडली. नंतर तिचाच तुकडा लॅबला दिला. कॉइलच्या सर्टिफिकेटवर ताकद ३४५ मेगापास्कल होती, हातात आलं २३०. ती पर्लिन सरळ होती, पण तिचं पाणी उतरलं होतं. तो पोरगा आज माझ्याकडंच फिटर आहे. थंडीत पाय दुखतो म्हणतो. ती चूक माझी होती आणि ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी हात लावू नका

आग विझली की पहिल्या दिवशी तीन माणसं येतात. मालकाचे नातेवाईक, विमा सर्वेअर आणि भंगारवाला. भंगारवाल्याला परत पाठवा. वीज तोडलेली आहे याची खात्री करा, लटकणाऱ्या भागाखाली कुणाला जाऊ देऊ नका आणि गरज वाटली तर टेकू लावा. लोखंड थंड होताना आखडतं, त्यामुळं आग विझल्यावरही जोड सुटू शकतात.

मग वही आणि खडू घेऊन आत जा. शेडमधला कचरा हाच आपला तापमापक असतो. ॲल्युमिनियमची खिडकी वितळून खाली गोळा झाली असेल तर तिथं ६६० अंशांच्या वर गेलं होतं. मुलाम्याचं जस्त ४१९ ला वितळतं. तांब्याची वायर वितळली असेल, तर १०८५ च्या पुढं. पायाचं काँक्रीट गुलाबी झालं असेल तर साधारण ३०० ओलांडलं. आपल्याकडच्या काळ्या खडीच्या काँक्रीटमध्ये मात्र हा रंग पुसट दिसतो, त्यामुळं एकट्या त्यावर विसंबू नका. हे सगळे आकडे त्या त्या वस्तूचे असतात. छताजवळची खिडकी वितळली म्हणून शेजारचा जाड कॉलम तेवढा तापला असं होत नाही. पातळ लोखंड मिनिटांत तापतं, जाडाला वेळ लागतो. प्रत्येक ठिकाणचा फोटो काढा आणि शेडच्या नकाशावर भाग पाडा: जिथं फक्त धूर लागला तो, जिथं रंग जळाला तो आणि जिथं जस्त किंवा ॲल्युमिनियम वितळलं तो. झाडलोट याच्यानंतर.

अंगठा फिरवून बघा

आता प्रत्येक मेंबर कसा घडला ते ओळखायचं. मालकाकडं जुनी ड्रॉइंगं आणि मालाची टेस्ट सर्टिफिकेटं असली तर उत्तमच. बहुतेकांकडं नसतात, किंवा ती ऑफिसबरोबर जळालेली असतात.

अँगल हातात घ्या. आतल्या कोपऱ्यात अंगठा फिरवा. गरम रोलिंगच्या अँगलला आत भरीव गोलाई लागते, मटेरियल तिथं जाड असतं, आणि बाहेरचा कोपरा टोकदार असतो. पत्रा वाकवून केलेल्या अँगलला बाहेरचा कोपरा गोल असतो आणि जाडी सगळीकडं सारखी. चॅनलचंही तसंच. चौकोनी पाइपच्या आत बॅटरी मारा. शिवणीची उभी रेघ दिसली आणि बाहेरचे कोपरे चांगले गोल असले, तर तो गार फॉर्मिंगचा, म्हणजे न तापवता घडवलेला. आपल्या बाजारातला बहुतेक बॉक्स पाइप असाच येतो. सी आणि झेड पर्लिन, डेकिंगचा पत्रा, छताचा पत्रा, हे सगळे गार घडवलेले. आय बीम, जाड प्लेटा, गसेट (जोडावरची प्लेट), बेसप्लेट ही गरम रोलिंगची. बोल्टच्या डोक्यावरचा आकडा वाचा. ८.८ किंवा १०.९ असेल तर तो भट्टीतून पाणी दिलेला बोल्ट आहे, आबांच्या कोयत्याचा भाऊ.

हा फरक एवढा महत्त्वाचा का, ते बांधणीच्या तारेवरून समजतं. तारेचा तुकडा घेऊन एकाच जागी दहा वेळा वाकवा. ती जागा कडक होते. आता ती जागा गॅसवर लाल करून गार होऊ द्या आणि परत वाकवा. मऊ झाली. हुपरीचा कारागीर चांदीची तार ओढताना मध्येमध्ये ती तापवतो ते यासाठीच; गार ओढून ओढून चांदी कडक होते आणि तापवली की पुन्हा नरम पडते. गार रोलिंगनं लोखंडात जी ताकद येते ती अशीच उसनी असते. आग ती परत घेऊन जाते.

गरम रोलिंगचं लोखंड हजार अंशांच्या वर तापवतात, ते लाल असतानाच रोलमधून निघतं आणि मोकळ्या हवेत गार होतं. त्याची ताकद त्या गार होण्यातून आलेली असते. शेडच्या आगीत ते तापलं आणि परत हवेत गार झालं, तर जवळजवळ जिथून निघालं तिथंच परत येतं. आग चालू असताना गोष्ट वेगळी. ५५० अंशांला त्याची जेमतेम ६० टक्के ताकद शिल्लक असते, म्हणूनच शेड कोसळतं. पण कोसळलं नाही, वाकलं नाही आणि ६०० च्या आत राहिलं, तर थंड झाल्यावर ताकद पूर्ण परत येते. ६०० च्या पुढं गेलं तरी साध्या ई २५० (२५० मेगापास्कलच्या) ग्रेडमध्ये हिशोबाला १० टक्के कमी धरतात. ई ३५० सारख्या वरच्या ग्रेडला मात्र २५ टक्क्यांपर्यंत कमी धरावं लागतं, कारण त्यातली थोडी ताकद बारीक मिश्रधातू आणि नियंत्रित रोलिंगमधून आलेली असते. आजकालच्या रेडीमेड शेडचे कॉलम आणि राफ्टर (छताच्या तिरक्या तुळया) बहुतेक ह्याच वरच्या ग्रेडच्या प्लेटांचे असतात. जुन्या अँगल ट्रसचा अनुभव त्यांना तसाच लावू नका.

गार घडवलेल्या मालात गणित असं, की जेवढी ताकद गार कामातून आली तेवढी जाण्याची भीती जास्त. छताचा ५५० ग्रेडचा पातळ पत्रा जवळजवळ सगळाच गार रोलिंगवर उभा असतो. ५०० अंशांच्या पुढं त्याची ताकद झपाट्यानं उतरते आणि ७००-८०० ला निम्म्याच्याही खाली जाते. तो ठेवायचा विचारच करू नका. पर्लिन आणि बॉक्स पाइप मधले. ज्या भागात रंग शाबूत आहे किंवा जस्ताची चमक तशीच आहे, तिथल्या ठेवता येतात. जिथं जस्त वितळलं तिथल्या मी काढतो, सरळ असल्या तरी काढतो. पर्लिनची किंमत पूर्ण शेडच्या मानानं किरकोळ असते. तिथं टेस्टिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

स्लॅब किंवा मेझानाइन (पोटमजला) असेल तर काँक्रीटमधल्या सळीचाही विचार करावा लागतो. टीएमटी सळी रोलमधून निघताच पाण्याच्या फवाऱ्यातून जाते, बाहेर कडक कवच तयार होतं आणि आतल्या उष्णतेनं ते कवच साधारण ६०० अंशांला स्वतःच नरमावतं. तेवढ्या तापमानापर्यंत आग तिचं फारसं बिघडवत नाही. पुढं गेली की कवचाचं पाणी उतरतं. शंका असलेल्या जागी तुकडा काढा, तोंड घासून आरशासारखं करा आणि सौम्य ॲसिड लावा. कडेला गडद कडं दिसलं तर कवच आहे. कडं पुसट किंवा गायब असेल तर ७२७ अंशांच्या, म्हणजे जिथं लोखंडाची आतली घडणच बदलते त्याच्या, पलीकडं गेल्याची खूण समजा.

बोल्टबद्दल माझं ऐकाच

एका जळालेल्या शेडमध्ये राफ्टरच्या जोडाखाली उभा राहून मी एक बोल्ट काढला होता. पानाही नीट लावावा लागला नाही, नट हातानं फिरलं. जस्ताच्या मुलाम्याचे थेंब होऊन आट्यांत अडकले होते, वर पिवळट पांढरी भुकटी. बाकी बोल्ट नवा वाटावा असा सरळ.

आता हे बघा. ८.८ आणि १०.९ चे बोल्ट तापवून बुडवतात आणि मग किमान ४२५ अंशांला परत नरमावतात. जस्त वितळतं ४१९ ला. म्हणजे बोल्टवरचं जस्त ओघळलं, तर तो बोल्ट नेमका त्या उंबरठ्यावर जाऊन आलाय जिथून पाणी उतरायला सुरुवात होते. किती पुढं गेला हे जस्त सांगत नाही. शिवाय कसून आवळलेल्या बोल्टची ओढ आगीत निघून जाते, ती गार झाल्यावर परत येत नाही. आणि ७२७ च्या वर लाल असताना बंबाचं पाणी पडलं, तर तोच बोल्ट काचेसारखा कडक होऊन टिचू शकतो. मऊ झाला की ठिसूळ झाला, हे बाहेरून समजत नाही.

म्हणून जिथं रंग जळाला तिथले सगळे हायटेन्साइल, म्हणजे हे ८.८ आणि १०.९ चे, बोल्ट बदला. एकेक करून, टेकू देऊन, नव्या वॉशरसकट. मालक म्हणतात, “अहो, तीनशे बोल्ट!” राफ्टरच्या पुढं तीनशे बोल्टचा खर्च काहीच नाही. वायररोपची ब्रेसिंगही (शेडला तिरके ताण देणारे दोर) अशीच काढा; तिच्या तारा गार ओढलेल्या असतात. साध्या गोल सळीचे टाय रॉड सरळ आणि आट्या चांगल्या असतील तर राहू द्या. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्रॅकेट किंवा पुली असेल तर तडे शोधा; तापलेलं बीड पाण्यानं टिचतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायची गरज नाही.

आता दोरी आणि ओळंबा

सरळपणा आता तपासा. कॉलमला ओळंबा, राफ्टरला लाइनदोरी. लांबीच्या हजाराव्या हिश्शापर्यंत वाक चालतो, म्हणजे सहा मीटरला सहा मिलिमीटर. त्यापुढचा प्रत्येक आकडा नकाशावर लिहा. पातळ वेब (मेंबरची मधली उभी प्लेट) बाजूनं बघा. बॅटरी तिरकी धरली की लाटा सावलीत लगेच दिसतात.

पृष्ठभागावर वायर ब्रश मारा. रंग चिकटून असेल, फक्त काजळी असेल तर निश्चिंत राहा. रंग जाऊन खाली निळसर छटा असेल तर ३०० च्या आसपास. जाड खवले सुटत असतील, खाली लोखंड खडबडीत, खड्डे पडलेलं दिसत असेल तर ते बराच वेळ ६५० च्या वर होतं. अशा ठिकाणी जाडी मोजा, खवल्यात गेलेलं लोखंड परत येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जोडांवर घालवा. सहा मीटरचा बीम ५०० अंश तापला की ३६ मिलिमीटर वाढतो. दोन कॉलमच्या मध्ये त्याला वाढायला जागा नसते, मग तो स्वतःलाच दाबून आखूड करतो. गार होताना तो अजून आखडतो आणि आता टोकाचे जोड ओढतो. एंड प्लेट वाकते, बोल्टची भोकं लांबट होतात, वेल्डला केसासारखा तडा जातो. बीम सरळ, कॉलम सरळ आणि जोड मेलेला, असं मी दोनदा बघितलंय. वेल्ड घासून स्वच्छ करा, लाल डाय मारून मुरू द्या, वरचा डाय पुसून काढा आणि पांढरा डेव्हलपर लावा. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तडा. आगीपासून लांब असलेल्या टोकाचेही जोड तपासा, कारण ओढ तिथपर्यंत पोचते.

मोजून खात्री

आपल्याकडं एक सोय मोठी आहे. फाउंड्रीमुळं शिरोली, गोकुळ शिरगावात हार्डनेस (कडकपणा) आणि टेन्साइल (ओढून तोडायची) टेस्ट करणाऱ्या लॅब हाताशी आहेत. हार्डनेसचं यंत्र साइटवरही येतं. मोजायच्या जागी खवले काढून आणखी अर्धा मिलिमीटर घासा, नाहीतर वरचा जळका थर चुकीचा आकडा देतो. साध्या स्ट्रक्चरल लोखंडाचा ब्रिनेल, म्हणजे कडकपणाचा, आकडा साधारण १२० येतो, त्याला ३.४५ नं गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये कळते, म्हणजे ४१० च्या जवळ. आकडा खूप खाली आला तर नरमलंय, खूप वर गेला तर पाण्यानं कडक झालंय. दोन्ही वाईट. उसळीवर चालणारं छोटं यंत्र पातळ पर्लिनवर किंवा पाइपवर वापरू नका. पत्रा थरथरतो आणि आकडा खोटा येतो.

हार्डनेसवर सगळं ठरवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून कमी ताण असलेल्या जागेतून तुकडे कापा: एक सगळ्यात जळालेल्या भागातला, एक मधला, एक आग न लागलेल्या भागातला. तिसरा तुकडा लोक विसरतात. तोच नसेल तर आगीनं किती नेलं आणि माल आधीच किती होता, हे वेगळं करता येत नाही. विम्याच्या दाव्यातही हाच तुकडा कामाला येतो. कापलेली जागा प्लेट वेल्ड करून भरायची, तशीच सोडायची नाही. राहिलेल्या ताकदीवर शेड परत तपासून सही इंजिनिअरच करेल. आम्ही मिस्त्री कितीही जुने असलो तरी ती सही आमची नाही.

थोडा वाकलेला गरम रोलिंगचा मेंबर तापवून सरळ करता येतो. ६५० अंशांच्या वर जायचं नाही. तापमानाचा खडू लावा, अंदाजावर राहू नका. त्रिकोणी पट्ट्यात आच द्यायची, जोरानं जॅक मारायचा नाही आणि लाल असताना पाणी ओतायचं नाही. पर्लिन, बॉक्स पाइप आणि हायटेन्साइल बोल्ट यांना गॅस लावायचाच नाही.

शेवटी रंगाचे डबे घेऊन फिरा. ठेवायचं त्यावर हिरवी पट्टी, दुरुस्तीला पिवळी, काढायचं त्यावर लाल. लाल पट्टीचा माल उतरवला की त्याच दिवशी, आवारातच, प्रत्येक पर्लिन आणि पाइप मधोमध गॅसनं कापा, बोल्टच्या आट्यांवर ग्राइंडर फिरवा. जळालेला माल घासून, रंग मारून सेकंडहँड म्हणून परत विकलेला मी ह्या डोळ्यांनी बघितलाय, आणि घेणारा बहुतेक वेळा गोठ्याला नाहीतर गुऱ्हाळाच्या छपराला घेतो, जिथं लाइनदोरीही कुणी लावत नाही. तुकडे झाल्यावरच गाडी काट्यावर जाऊ द्या.